पडद्यावरचा बाण आणि माणसाचा हात

संगणकासमोर रोज सहा-सात तास बसणाऱ्या गृहस्थाला, त्याच्या पडद्यावर सर्वांत अधिक वेळ कोणती वस्तु असते असें कोणीं विचारलें, तर तो पत्रांचें नांव घेईल, हिशेबाच्या तक्त्यांचें घेईल, क्वचित् परगांवच्या नातवंडांच्या छायाचित्रांचेंहि घेईल. पण त्याच पडद्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत भटकणारा लहानसा तिरपा बाण त्याला बहुधा आठवणार नाहीं. नाकावरचा चष्मा जसा घालणाऱ्यास दिसत नाहीं, तशांतलीच ही गोष्ट. बाण हा पाहावयाचा नसतोच. त्यानें दाखविलेली वस्तु पाहावयाची असते. आणि तरीहि ह्या बाणाचा आकार, त्याचा कल, त्याचें लहानमोठेपण आणि त्याची चाल ह्यांचा माउस धरलेल्या हातावर सतत अंमल चालूं असतो. हात किती वेगानें निघावा, कोठें मंदावा, किती वेळां अडखळावा आणि शेवटीं नेमका जागेवर पडावा कीं शेजारीं, ह्यांतलें बरेंचसें त्या चित्रानें ठरविलेलें असतें. चुकल्यास मात्र दोष हाताला लागतो.

हें चित्र बारकाईनें पाहूं लागल्यास पहिली नवलाची गोष्ट अशी दिसते कीं, त्याचा जवळजवळ सगळा भाग केवळ शोभेचा असतो. संगणकाचा पडदा रांगोळीच्या ठिपक्यांप्रमाणें उभ्या-आडव्या ओळींत मांडलेल्या अतिसूक्ष्म ठिपक्यांचा बनलेला असतो. ह्या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. बाण त्यांतल्या कांहीं ठिपक्यांनीं रंगविलेला असतो. परंतु बटण दाबतांच तें कोणत्या वस्तूवर दाबलें गेलें, ह्याचा निवाडा संगणक एकाच ठिपक्यावरून करतो, आणि तो ठिपका बाणाच्या अगदीं टोकाशीं असतो. बाकीचें पातें, दांडा, भोंवतालची पांढरी किंवा काळी कड, हा सर्व सरंजाम त्या एका ठिपक्याकडे डोळा वळविण्यापुरता.

नवख्या माणसाची पहिली फजिती येथेंच होते. तो बाणाचें पोट एखाद्या लहान चौकटीवर आणून ठेवतो, बाण तिच्यावर बसलेला स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतो, आणि बटण दाबतो. टोक मात्र चौकटीच्या वर, डाव्या अंगाला, बाहेर पडलेलें असतें. संगणक त्याला शेजारचीच वस्तु देतो, किंवा कांहींच देत नाहीं. जाणता मुलगा जवळ असला तर तो “टोक, बाबा, टोक!” असें ओरडतो. परंतु बाबांचें फारसें चुकलेलें नसतें. एक वस्तु दुसरीवर ठेवावयाची म्हणजे हिचा मध्य तिच्या मध्यावर आणावयाचा, ही हाताला जन्मभर जडलेली संवय आहे. डब्यावर झांकण असेंच बसतें, कागदावर शिक्का असाच उमटतो. बाणाच्या बाबतींत ही संवय मोडून टोकानें विचार करावयास शिकावें लागतें, आणि लहान मुलें तें दोन दिवसांत शिकतात म्हणून तें सोपें आहे असें मोठ्यांना उगीच वाटतें.

मग टोकाची भानगड कशाला? एक वर्तुळ काढून त्याचा मध्यच खरा मानला तर? तसें करतां येतें, आणि पुढें दिसेल त्याप्रमाणें करूनहि झालें आहे. परंतु भरीव वर्तुळ आपल्या मध्याखालची वस्तु झांकतें, आणि बाणाचा गुण नेमका ह्याच जागीं आहे. शाळेंत नकाशा दाखविणारे मास्तर छडीचें टोक बाजूनें शहराच्या ठिपक्यापर्यंत आणतात. छडी शहरावर आडवी ठेवीत नाहींत. उजव्या हातांत धरलेली पेन्सिलहि कागदावर उजवीकडून, खालच्या अंगानें येते, आणि तिचें टोक वर डावीकडे वळलेलें असतें. पडद्यावरच्या बाणाचें तसेंच आहे: दाखवावयाची वस्तु टोकापुढें मोकळी राहते. मोबाइलवर बोटानें काम करणाऱ्यास ही सोय नाहीं. जें दाबावयाचें तेंच त्याच्या बोटाखालीं दिसेनासें होतें.

बाण तिरपा झाला तो मात्र अगदीं निराळ्या कारणानें. कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट ह्या संस्थेंत डग्लस एंगेलबार्ट ह्यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश ह्यांनीं १९६४ सालीं पहिला माउस बनविला. तो एक लांकडी ठोकळा होता. खालीं एकमेकांशीं काटकोनांत बसविलेलीं दोन चाकें आणि वर एक बटण. गुडघ्यानें चालवावयाच्या साधनापासून पडद्यावर टेकवावयाच्या प्रकाश-लेखणीपर्यंत अनेक साधनांशीं त्याची तुलना करून पाहण्यांत आली, आणि ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें एंगेलबार्ट ह्यांनीं तो मोठ्या सभेपुढें चालवून दाखविला. त्या वेळीं पडद्यावरचा बाण सरळ वर तोंड करून उभा होता. पुढें झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत १९७३ सालीं आल्टो नांवाचा संगणक तयार झाला. त्याच्या पडद्यावर रुंदींत ६०६ आणि उंचींत ८०८ ठिपके होते, आणि बाणाच्या वांट्याला १६ ठिपके उंच व १६ ठिपके रुंद एवढीच जागा आली होती. इतक्या जागेंत उभा बाण काढला म्हणजे त्याच्या दोन्ही उतरत्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या दिसतात. तोच बाण डावीकडे कलता केला कीं त्याची एक कड सरळ उभी राहते आणि दुसरी बरोबर ४५ अंशांत उतरते. ठिपक्यांच्या जाळ्यांत ह्या दोन्ही रेषा स्वच्छ येतात. आज पडदे इतके बारीक झाले आहेत कीं बाण कोणत्याहि कलानें काढला तरी तो गुळगुळीत दिसेल. कारण गेलें, कल तेवढा राहिला.

ह्या कलाचा हाताशीं काय संबंध, हें समजण्यासाठीं हात लक्ष्याकडे कसा जातो तें आधीं पाहिलें पाहिजे. सुईंत दोरा ओवणाऱ्या बाईकडे लक्ष द्यावें. दोऱ्याचें टोक सुईजवळ एका झपाट्यांत येतें; तेवढ्या प्रवासांत तिचें दोऱ्याकडे फारसें ध्यानहि नसतें. नेढ्यापाशीं आल्यावर मात्र हात मंदावतो, डोळे बारीक होतात, टोक किंचित् वर, किंचित् खालीं, पुन्हां वर असें होत होत शेवटीं आंत शिरतें. रॉबर्ट वुडवर्थ ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १८९९ सालीं हीच गोष्ट कागद-पेन्सिलीनें मोजून दाखविली. प्रत्येक नेमक्या हालचालीचे दोन भाग पडतात: पहिली अंदाजाची झेप, आणि मग डोळ्यांच्या मदतीनें केलेली दुरुस्ती. डोळे मिटले तर दुसरा भाग लंगडा पडतो. आणि हालचाल फारच जलद करावयास लावली तर डोळे उघडे असून मिटल्यासारखेच, कारण दुरुस्तीला अवसरच उरत नाहीं.

वुडवर्थनंतर अर्धशतकानें ह्या विषयाला ज्यानें नियमाचें रूप दिलें, त्या पॉल फिट्स ह्यांचा आधीचा उद्योग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन वायुदलासाठीं काम करीत असतां फिट्स व त्यांचे सहकारी जोन्स ह्यांनीं वैमानिकांच्या हातून झालेल्या ४६० चुकांच्या हकीकती गोळा केल्या. त्यांचा अहवाल १९४७ सालीं निघाला. दप्तरांत ह्या चुका ‘वैमानिकाची चूक’ ह्या सदराखालीं पडण्याजोग्या होत्या. परंतु हकीकती एकत्र वाचल्यावर निराळेंच दिसूं लागलें. विमानाचीं चाकें वर घेण्याची मूठ आणि पंखांच्या झडपा हलविण्याची मूठ, अशीं दोन साधनें सारखीं दिसणारीं आणि जवळजवळ बसविलेलीं असलीं, तर चांगला तरबेज मनुष्यहि एकीऐवजीं दुसरी ओढतो. चूक जर केवळ माणसाच्या धांदरटपणाची असेल, तर ती निरनिराळ्या माणसांच्या हातून नेमकी त्याच मुठीपाशीं पुन्हां पुन्हां कां व्हावी? हा प्रश्न एकदां विचारला गेल्यावर ‘माणसाची चूक’ हें उत्तर पूर्वीइतकें सोपें राहिलें नाहीं.

१९५४ सालीं ह्याच फिट्स ह्यांनीं धातूच्या दोन पट्ट्या मांडल्या आणि हातांत लेखणीसारखी कांडी देऊन ती ह्या पट्टीवरून त्या पट्टीवर आळीपाळीनें, होईल तितकी जलद, टेकवावयास लोकांना सांगितलें. पट्ट्यांची रुंदी आणि त्यांमधील अंतर बदलीत गेल्यावर जो नियम हातीं आला, तो फिट्सचा नियम म्हणून प्रसिद्ध आहे. लागणारा वेळ नुसत्या अंतरावर अवलंबून नसतो, नुसत्या रुंदीवरहि नसतो. दोहोंच्या गुणोत्तरावर असतो. अंतर दुप्पट केलें आणि पट्टीहि दुप्पट रुंद केली, तर वेळ तोच. रुंदी तीच ठेवून अंतर दुप्पट केलें, तर वेळ दुप्पट होत नाहीं. त्यांत एक ठराविक भर पडते, आणि पुन्हां दुप्पट केलें तर पुन्हां तेवढीच. रुंदी निम्मी केली तरीहि भर तेवढीच पडते. दूरची मोठी वस्तु आणि जवळची लहान वस्तु हाताला सारख्याच अवघड, असा ह्याचा अर्थ.

स्टुअर्ट कार्ड, बिल इंग्लिश आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानें झेरॉक्समध्यें केलेले प्रयोग १९७८ सालीं प्रसिद्ध झाले, तेव्हां माउसहि ह्याच नियमानें चालतो, आणि तो जवळजवळ मोकळ्या हाताइतकाच चपळ आहे, असें आढळून आलें. अर्थात् जो वेळ जातो तो त्या ठोकळ्यामुळें नव्हे. डोळा आणि हात ह्यांच्यामध्यें जी दुरुस्तीची देवघेव चालते तिच्यामुळें. आणि डोळा ही देवघेव ज्याच्याकडे पाहून करतो, तो मध्यस्थ म्हणजे बाण.

आतां कलाकडे वळतां येईल. बाण हें माणसाला दिशा सांगणारें चिन्ह आहे. रस्त्यावरच्या पाटीवर डावीकडे बाण असला तर पाय आपोआप तिकडे वळूं लागतात. पडद्यावरचा बाण मात्र सदैव वर-डावीकडे तोंड करून असतो, मग हाताला जावयाचें असो कोठेंहि. वर डावीकडे जावयाचें असेल तर टोक पुढें, दांडा मागें, असा तो भाल्यासारखा जातो. खालीं उजवीकडे जावयाचें असेल तर तो पाठमोरा चालतो. प्रथम दांडा लक्ष्यावर चढतो, मग पातें, आणि जें टोक पोंचवावयाचें तें सर्वांच्या मागून येतें. ऐन दुरुस्तीच्या क्षणीं लक्ष्य बाणाच्या अंगाखालीं झांकलेलें असतें.

कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या बॅरी पो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालीं ह्याचीच परीक्षा केली. चार निरनिराळ्या दिशांना तोंड केलेले चार बाण आणि कोणतीच दिशा न सांगणारें एक चिन्ह घेऊन लोकांना वर्तुळाकार मांडलेल्या यादींतून निवड करावयास सांगितलें. बाणाचें तोंड आणि हाताची वाट एका दिशेला असली म्हणजे काम सुकर होतें, असें दिसलें. खालीं उजवीकडे तोंड केलेला बाण एकंदरींत सर्वांत वाईट ठरला, आणि दिशाच न सांगणारें चिन्ह बहुधा सर्वांत चांगलें. मेजावरच्या माउसला किंवा लेखणीला हा फरक थोडका जाणवतो. मोठ्या पडद्यावर दुरून कांडी रोखून काम करणाऱ्यास तो चांगलाच जाणवतो. म्हणजे रोजच्या बाणानें कोणाचें फार मोठें नुकसान केलेलें आहे असें नव्हे. परंतु ज्या चिन्हाला सर्व दिशांनीं फिरावयाचें आहे, त्याच्या कपाळीं एकच दिशा कायमची कोरलेली असावी, ही विसंगति आहे खरी. श्रोत्यांनीं घरीं एक गोष्ट सहज पाहावी. बाण पडद्याच्या वरच्या डाव्या कोंपऱ्यांत नेला तर टोक कोंपऱ्याला अडतें आणि सगळा बाण दिसत राहतो. खालच्या उजव्या कोंपऱ्यांत नेला तर तो कडेबाहेर बुडतो, आणि टोकाचा कण काय तो मागें उरतो. कोंपरे चारहि सारखे. बाणाचा त्यांच्याशीं व्यवहार सारखा नाहीं.

कलापेक्षांहि मोलाचा प्रश्न त्या एका जिवंत ठिपक्याचा आहे. फिट्सच्या नियमांत जी रुंदी धरली आहे ती लक्ष्याची. पण रुंदी लक्ष्याला न देतां नेम धरणाऱ्या चिन्हालाच दिली तर काय होईल? टोरोंटो विद्यापीठांत पॉल कब्बाश आणि विल्यम बक्स्टन ह्यांनीं १९९५ सालीं हें करून पाहिलें. बाणाच्या जागीं त्यांनीं एक मोठी चौकट ठेवली; लक्ष्याचा ठिपका तिच्यांत सांपडला कीं काम झालें. टेनिसच्या मोठ्या डोक्याच्या रॅकेटीवरून ह्या युक्तीला त्यांनीं ‘प्रिन्स’ हें नांव दिलें. गमतीची गोष्ट अशी कीं, फिट्सचा नियम असा उलटा लावला तरी लागू पडतो. फक्त लक्ष्याच्या रुंदीच्या जागीं चौकटीची रुंदी घालावी. माशी टांचणीच्या टोकानें टिपणें आणि ती वर्तमानपत्राच्या घडीनें टिपणें, ह्यांत जो फरक आहे तोच हा.

हा शोध केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा नव्हे. बँकेचा व्यवहार, विजेचें बिल, आगगाडीचें तिकीट, प्राप्तिकराचें विवरणपत्र हीं कामें घरांतल्या पडद्यावर आलीं, आणि त्यांच्याबरोबर ‘येथें खूण करा’ म्हणून सांगणारे मुगाच्या दाण्याएवढे चौकोनहि आले. तरुण हाताची झेप लक्ष्याच्या जवळ पडते आणि एका-दोन दुरुस्त्यांत भागतें. वय झाल्यावर झेप आंखूड पडूं लागते, मागाहूनच्या बारीक दुरुस्त्या वाढतात, आणि शेवटीं टोक जागेवर आलें तरी बटण दाबतांना बोटाच्या जोरानें माउसच किंचित् सरकतो. हात कांपत असला तर विचारावयासच नको. ज्यानें चाळीस वर्षें हिशेब चोख ठेवले, बारीक अक्षरांत टिपणें लिहिलीं, तो मनुष्य चार वेळां प्रयत्न करून “मला हें यंत्र जमत नाहीं” म्हणून खुर्ची मागें सारतो, आणि घरांतलीं माणसेंहि तें खरें धरतात. त्याचें विवरणपत्र भरून द्यावयास कोणीतरी धांवतो, हें चांगलेंच. पण त्या दिवसापासून पैशाचे व्यवहारहि त्याच्या हातून निसटूं लागतात. कारण काय, तर बाणाचा जिवंत भाग एक ठिपका आणि चौकोन मुगाएवढा. फिट्सच्या वैमानिकांची हकीकत आठवावी ती ह्याच ठिकाणीं.

ऐलीन वर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं वृद्धांसाठीं दोन युक्त्या एकत्र करून पाहिल्या. पहिली, बाणाच्या टोकाच्या ठिकाणीं रुंद क्षेत्र. दुसरी, चिकट लक्ष्य, म्हणजे बाण लक्ष्यावर आला कीं त्याची चाल आपोआप मंद व्हावी, हात थोडा ढळला तरी तो तेथून सहजासहजीं निसटूं नये. अगदीं लहान लक्ष्यांच्या बाबतींत वृद्धांना लागणारा वेळ ह्यामुळें निम्म्यापर्यंत उतरला. माणसें तींच, हात तेच, वयहि तेंच.

रुंद चौकटीला एक अडचण आहे: तिच्यांत एकाच वेळीं दोन लक्ष्यें सांपडलीं तर कोणतें घ्यावें? ह्यावर टोवी ग्रॉसमन आणि रविन बालकृष्णन ह्यांनीं टोरोंटोसच २००५ सालीं बुडबुड्यासारखा बाण काढला. हें एक वर्तुळ असतें. तें क्षणोक्षणीं फुगतें आणि आक्रसतें, अशा बेतानें कीं त्याच्या आंत कोणत्याहि वेळीं एकच लक्ष्य असावें, आणि तें सर्वांत जवळचें असावें. रिकामी जागा अशी उरतच नाहीं. पडद्याचा कोणताहि भाग कोणत्या ना कोणत्या लक्ष्याच्या हद्दींत मोडतो. साध्या बाणाहून हा बुडबुडा जलद ठरला. मग तो घरोघर कां दिसत नाहीं? लक्ष्यें विरळ असतात तोंवरच त्याचा लाभ. एकमेकांना चिकटलेल्या चौकटींत बुडबुडा आक्रसून पुन्हां ठिपक्याएवढा होतो. चित्र काढणाऱ्याला किंवा मजकुरांतलें एक अक्षर धरणाऱ्याला तर जवळचें नको असतें, नेमकें तेंच हवें असतें. शिवाय कांहीं वेळां माणसाला मुद्दाम रिकाम्या जागेवर दाबावयाचें असतें, आणि बुडबुड्याच्या राज्यांत रिकामी जागा नाहीं.

बाणाच्या चालीचा हातावर कितपत अंमल असतो ह्याचा सर्वांत चमत्कारिक पुरावा फ्रान्समधील अनातोल लेक्युए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं दिला. सपाट मेजावर साधा माउस, समोर सपाट पडदा. पडद्यावरच्या एका भागावरून जातांना बाणाची चाल आधीं मंद आणि मग जलद होईल, अशी योजना केलेली. ज्यांनीं माउस हलविला त्यांना तेथें उंचवटा आहे असें वाटलें. चढ चढतांना गाडी मंदावते आणि उताराला धांवते, तसें. क्रम उलटा केला तर खड्डा वाटला. मेज सपाटच होतें. डोळ्यानें हाताला सांगितलें आणि हातानें तें मानलें. चिकट लक्ष्याचें रहस्यहि ह्याच जातीचें आहे: पडद्यावर चिकटपणा मुळीं नसतो, बाण तेवढा मंदावतो.

मराठी वाचकाला ह्या सर्वांत जवळचा असा एक प्रकार राहिला. मजकुरावर गेलेला बाण वेष पालटतो आणि उभी बारीक दांडी होतो. ही दांडी रोमन लिपीच्या मापानें घडलेली आहे. रोमन छापील अक्षरें सुटीं सुटीं उभीं असतात, दोन अक्षरांमध्यें फट असते, आणि दांडी त्या फटींत शिरते. मराठी शब्द शिरोरेघेखालीं सलग बांधलेला असतो. ‘स्थितींत’ ह्या शब्दांत दांडी कोठें घालावयाची? पहिली वेलांटी डोळ्याला अक्षराच्या डावीकडे दिसते, पण संगणकाच्या सांठवणींत ती व्यंजनांच्या मागून येते. म्हणून दांडी अगदीं वेलांटीवर नेऊन दाबली तरी बहुतेक लेखन-कार्यक्रम आपली खूण सबंध जोडाक्षराच्या अलीकडे नाहींतर पलीकडे नेऊन ठेवतात. आंत शिरूं देत नाहींत. दांडी जी फट दाखविते ती फट लिपींत नसते, आणि हात पुन्हां मागें येऊन पुन्हां नेम धरतो. सरावलेला मराठी लेखक ऱ्हस्वाचें दीर्घ करण्यासाठीं वेलांटीच्या नादीं लागतच नाहीं. जोडाक्षराच्या पलीकडे जाऊन तो मागें खोडीत येतो आणि पुन्हां लिहितो. ही त्याची लकब नव्हे. दांडीनें लावलेली शिस्त आहे.

बाण बदलण्याचा मोठा प्रयोग बाजारांतहि एकदां झाला. ॲपल कंपनीनें मार्च २०२० मध्यें आयपॅडसाठीं बाणाऐवजीं बोटाच्या टोकासारखें एक वर्तुळ दिलें. बटणाजवळ येतांच तें बटणांत विरून जाई आणि बटणच उजळून उठे. हाताला थोडें ओढून घेतल्यासारखें होई. प्रयोगशाळेनें दिशाहीन चिन्हाला दिलेला कौल पाहतां हें वर्तुळ टिकावयास हवें होतें. पण २०२५ सालच्या नव्या आवृत्तींत तें गेलें आणि टोकदार बाण परत आला. त्याच आवृत्तींत त्या यंत्रावर लहानमोठ्या करतां येणाऱ्या खिडक्यांची नवी व्यवस्था आणि वरची मेनूची पट्टीहि आली. खिडकीची बारीक कड धरून ओढावयाची असली म्हणजे विरघळणाऱ्या वर्तुळापेक्षां टोक बरें, हें उघड आहे. बटणें थोडीं आणि मोठीं असतात तेथें एक चिन्ह शोभतें, कडा पुष्कळ आणि बारीक असतात तेथें दुसरें. सर्व घरांना एकच किल्ली लागेल असें दिसत नाहीं.

घरच्या संगणकावर ह्यांतलें किती करतां येतें? बाण मोठा करण्याची आणि त्याचा रंग बदलण्याची सोय आतां बहुतेक संगणकांत असते, आणि वडील माणसांसाठीं प्रथम तीच वापरली जाते. ॲपलच्या मॅक संगणकांत २०१५ पासून माउस झपाझप डावी-उजवीकडे हलविला कीं हरवलेला बाण क्षणभर मोठा होऊन सांपडतो. ह्या सोयी चांगल्या आहेत, परंतु त्यांनीं काय होतें आणि काय होत नाहीं, हें ध्यानांत घ्यावें. बाणाचें चित्र चौपट केलें तरी त्याच्या टोकाचा जिवंत ठिपका चौपट होत नाहीं. तो पूर्वीइतकाच राहतो. डोळ्याची अडचण दूर होते, हाताची नाहीं. उलट, मोठ्या बाणाचें अंगहि मोठें, आणि तें खालचा मजकूर अधिक झांकतें.

हातासाठीं उपाय निराळे आहेत. बाणाची चाल मंद करतां येते. मात्र मग दूर जावयास माउस दोन-तीन वेळां उचलून ठेवावा लागतो. दोनदां दाबण्यांतला अवकाश वाढवितां येतो, म्हणजे संथ बोटालाहि तें साधतें. विंडोजमध्यें एखादी प्रश्नाची चौकट उघडली कीं बाण आपोआप तिच्यांतल्या मुख्य बटणावर जाऊन बसेल, अशीहि योजना करतां येते. परंतु सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे बाणाला हात न लावतां पडद्यावरचा मजकूर आणि चौकटीच मोठ्या करणें. कारण त्यानें लक्ष्याची रुंदी खरोखर वाढते. मुगाएवढा चौकोन सुपारीएवढा झाला म्हणजे तोच कांपरा हात त्यावर खूण करूं शकतो. ब्राउझरमध्यें त्यासाठीं कळफलकावरचीं कंट्रोल आणि अधिक-चिन्ह हीं दोन बटणें एकत्र दाबावीं लागतात, मॅकवर कंट्रोलऐवजीं कमांड. माउसची जरूर पडत नाहीं.